गालांचा व्यायाम

माझ्या शिट्टीची ओळख आधी करून द्यायला हवी, कारण पुढच्या सगळ्या भानगडीच्या मुळाशी तीच आहे.

मी जे. पी. नगरातल्या एका शाळेत पी.टी. शिकवतो. शिट्टी पितळेची आणि फुंकणारा मी. दोघं एकत्र आलो की काय व्हायचं ते अगदी नम्रपणे, कमी करून सांगतो. कोपऱ्यावरच्या बेकरीतला माणूस हातातला खारा बन खाली ठेवून सावधान उभा राहायचा. बनशंकरीपर्यंतचे कुकर लाजेने गप्प बसायचे. एकदा तर शाळेसमोरून चाललेल्या सिटी बसच्या ड्रायव्हरला वाटलं कंडक्टरनेच शिट्टी दिली. स्टॉप नसताना त्याने बस थांबवली, चार माणसं उतरून चालूही लागली, आणि कंडक्टर मागून ओरडत राहिला. खोटं वाटत असेल तर त्या चौघांना विचारा.

शाळेच्या मैदानाला तीन बाजूंनी अपार्टमेंट आहेत. मैदान आधीचं, अपार्टमेंट नंतरची, पण तक्रार नेहमी नंतर आलेलेच करतात. त्यांचा सेक्रेटरी दर महिन्याला शाळेत यायचा. "मास्टर, स्वल्प हळू फुंका ना. आमच्या सगळ्यांचा वर्क कॉल असतो." मी म्हणायचो, "सरी, सरी." स्वल्प म्हणजे थोडं आणि सरी म्हणजे बरं, एवढे दोन कन्नड शब्द आले की बेंगळुरात जन्म काढता येतो. सेक्रेटरी समाधानाने जायचा, आणि मी दुसऱ्या दिवशी पुन्हा छाती भरून घ्यायचो.

आवाज हा आमच्या घराण्यातच आहे. आमचे पूर्वज काही शे वर्षांपूर्वी इकडे आले. कुणी म्हणतं फौजेबरोबर आले, कुणी म्हणतं फौजेचे कपडे शिवायला आले. माझ्या मते त्यांना साताऱ्याहून नुसती हाक मारायला ठेवलं होतं, ती इथपर्यंत ऐकू आली म्हणून तेही मागोमाग आले. बायकोला हे पटत नाही. ती अजून शिवणकाम करते, त्यामुळे कपडे शिवणाऱ्यांच्या बाजूची आहे.

तर मग तो रोग आला आणि शाळा बंद झाली. बाकीचे शिक्षक लॅपटॉपसमोर बसून शिकवू लागले. पी.टी.चं काय करायचं ते कुणालाच कळेना, म्हणून माझा तास गणिताच्या सरांना दिला. "तात्पुरता," असं मॅडम, म्हणजे आमच्या हेडमिस्ट्रेस, म्हणाल्या. या शहरातलं तात्पुरतं तुम्हाला माहीत आहे. आमच्या गल्लीत तात्पुरता खणलेला खड्डा आहे, त्यात आता पेरूचं झाड आहे.

मग अर्धवट शाळा उघडली. अर्धी मुलं शाळेत, अर्धी घरी, आठवड्याआड अदलाबदल. याला ब्लेंडेड लर्निंग म्हणायचं. बायको म्हणाली, "म्हणजे मिक्सरमध्ये घालतात तसं? मग तुम्ही काय, चटणीची डाळ?" तिचा अंदाज बरोबर होता, फक्त मला अजून भांड्यात घेतलं नव्हतं. मला गेटवर उभं केलं. एका हातात सॅनिटायझरचा कॅन, दुसऱ्या हातात ती ताप मोजायची बंदूक. आयुष्यभर पोरांना पळवलं, आता एकेकाच्या कपाळावर नेम धरायचा. माझा चेहराच असा आहे की बंदूक रोखली की पोरं हात वर करायची.

गणिताचे सर रोज आत शिरताना थांबायचे. "काय पी.टी. सर, आज माझा ताप किती?"

"तुम्हाला बघून माझा चढतो, त्यात मिसळून सांगू का?"

"सांगा, सांगा. तेवढंच गणित येऊ दे तुम्हालाही." आणि माझ्या तासाला जायचे!

शेवटी मी मॅडमच्या केबिनमध्ये गेलो आणि दाराशीच सावधान उभा राहिलो. म्हटलं, "मॅडम, माझा तास मला परत द्या. पोरं घरी बसून बसून इडलीसारखी झालीत, गोल आणि मऊ."

"सिलॅबस राहिलाय हो, मास्टर. आणि पी.टी. ब्लेंडेड कशी होणार? मैदान इथे, मुलं तिथे."

"होणार. मी करून दाखवतो."

बोलून गेलो. माझ्या तोंडाचा हाच प्रॉब्लेम आहे, ते माझ्या आधी पोचतं. मॅडमनी चष्मा काढला. "बरं. पुढच्या शनिवारी पालक समिती येते आहे. त्यांच्यासमोर मैदानावरची मुलं आणि घरची मुलं, दोघांनी एकत्र एक कवायत करून दाखवायची. जमलं तर तास तुमचा. नाही जमलं तर तास गणिताचा, कायमचा. आणि गेटला तर माणूस लागणारच आहे."

बाहेर आलो तर ती बंदूक टेबलावर पडलेली. मला वाटलं ती माझ्याकडेच बघून हसतेय.

त्याच दिवशी तयारीला लागलो. व्यायामाचा लाकडी घोडा मैदानात ओढला, त्याच्या पाठीवर लॅपटॉप ठेवला. स्टाफरूममधून वायर आणली, वायरला वायर जोडली, आणि मोठा टीव्ही फुटबॉलच्या गोलपोस्टला सुतळीने बांधला. टीव्हीवर घरची मुलं, चौकोनाचौकोनात, कबुतरखान्यासारखी. त्यातली बरीचशी शाळेपासून हाकेच्या अंतरावरच राहायची, पण त्यांचा आठवडा घरचा होता आणि नियम म्हणजे नियम. फक्त एकीचं खरंच लांब होतं. तिचे वडील बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात, सगळं घर तिकडेच हललेलं, शाळेची बस तिकडे जायची बंद झालेली. ती पोरगी दर आठवड्याला टीव्हीतच असायची. वर्गातल्या निम्म्या पोरांनी तिला कधी उभी पाहिलीच नव्हती, त्यांच्या हिशेबी ती कमरेपर्यंतच होती.

मी छाती भरली आणि शिट्टी फुंकली. मैदानावरची पोरं खाड्कन सावधान. टीव्हीतल्या पोरांनी काय करावं? गाल फुगवले, डोळे वटारले, ओठांचा चंबू केला आणि तसंच थांबली.

म्हटलं, चिडवतायत. पुन्हा फुंकली. पुन्हा सगळे गाल टम्म! एकाने तर इतके फुगवले की त्याचा चौकोन भरून गेला. मी शिट्टी काढून ओरडलो, "सरळ उभे राहा रे!" तर ती शहाण्यासारखी सरळ उभी राहिली. शिट्टी लावली, की गाल. माझं डोकं तापलं. सहा फुटी पी.टी. मास्तरला साऱ्या शाळेच्या मैदानात, टीव्हीवर, वाकुल्या! एरवी मैदानाला चकरा मारायला लावल्या असत्या, पण टीव्हीतल्या पोराला कुठे पळवणार? फार तर सोफ्याभोवती.

असं रोज चाललं. शनिवार जवळ येत चालला, आणि निम्मी शाळा बेडकांसारखी फुगून माझ्याकडे बघत होती.

मग एका सकाळी एका चौकोनात पोराच्या जागी त्याची आजी येऊन बसली. आमच्यासारख्याच इथल्या जुन्या मराठी घरातली, समोरच्याच अपार्टमेंटात राहणारी. "मास्तर," ती कॅमेऱ्याला नाक लावून म्हणाली, "तुमचा तो गालांचा व्यायाम फार चांगला हां."

"कुठला व्यायाम?"

"हाच की. फुगवायचे आणि धरून ठेवायचे. नातू करतो म्हणून आमचे हेही करायला लागले. महिनोन्‌महिने पोट धरून बसायचे, आता एकदम मोकळं वाटतं म्हणतात. फक्त सुटताना खालून आवाज येतो, त्याला काय करायचं?"

मैदानावरची पोरं खाली लोळायला लागली. मी मात्र तिथेच थिजलो. हळूच विचारलं, "आजी, मी गाल फुगवतो तेव्हा तुम्हाला ऐकू काय येतं?"

"काही नाही. तेच तर, किती शांत व्यायाम आहे!"

आमच्या कॉम्प्युटरच्या टीचर नुकत्याच पुण्याहून आलेल्या. वयाने लहान, पण शाळेतलं जे जे विजेवर चालतं ते सगळं त्यांच्या शब्दावर चालायचं. त्यांनी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं आणि मान हलवली. "सर, ॲपमध्ये नॉईज सप्रेशन ऑन आहे. म्हणजे काय, की माणसाचा आवाज तो पास करतो आणि फालतू आवाज कट करतो. मिक्सर, कुत्रा, हॉर्न वगैरे. तुमची शिट्टी त्याला नॉईज वाटते."

"माझी शिट्टी? फालतू?"

"मी नाही म्हणत, सर. सॉफ्टवेअर म्हणतंय."

लोकहो, अपार्टमेंटच्या सेक्रेटरीने इतकी वर्षं मला जे ऐकवलं, तेच आता अमेरिकेत बसलेल्या कुणीतरी न ऐकताच ठरवलं होतं. "बंद करा ते," मी म्हणालो. त्यांनी बंद केलं, मी फुंकली, आणि त्या दिवशी जे झालं त्याची मी पूर्ण जबाबदारी घेत नाही. एका घरातलं कुत्रं पलंगाखाली गेलं, ते आजतागायत निम्मंच बाहेर आलंय. एका बापाच्या कानात इअरफोन होते. त्याच्या वर्क कॉलवरच्या सिंगापूरच्या साहेबानेही म्हणे डोक्याला हात लावला. दुपारी मॅडमचा हुकूम आला: लॅपटॉपसमोर शिट्टी बंद.

शिट्टी नसलेला पी.टी. मास्तर म्हणजे गेटवरचा माणूस. पण मी हार मानणाऱ्यातला नाही. बायकोच्या कापडातून एक लाल आणि एक हिरवी चिंधी मागून आणली. लाल वर, हात वर. हिरवी खाली, हात खाली. तर दुसरंच लचांड! माझी चिंधी मैदानावर लगेच दिसायची, पण टीव्हीतल्या प्रत्येक घरी आपापल्या सवडीने पोचायची. मैदानावरची पोरं खाली वाकली की टीव्हीतली वर हात करून उभी. ती वाकली की ही उभी. बोम्मसंद्र्याची पोरगी तर सगळ्यांच्या इतकी मागे की मंगळवारी ती सोमवारचा व्यायाम करत होती असं माझं प्रामाणिक मत आहे. पण करायची मात्र शेवटपर्यंत. बाकीचे बसले, पाणी प्यायले, तरी हिचे हात एकटेच वर जात राहायचे.

"पेशन्स ठेवा, सर," कॉम्प्युटर टीचर म्हणाल्या. "लॅग आहे."

"टीचर, मी कवायत शिकवतो. कवायतीत लॅग असला की तिला वरात म्हणतात."

शुक्रवारी घरी तोंड पाडून बसलो. बायकोने मशीनवरून मान न उचलता विचारलं, "उद्या शिट्टी नेणार ना?"

"बंदी आहे. आणि समितीसमोर तोंडावर मास्क लागणार. शिट्टी काय नाकाने वाजवू?"

तिने मशीनखालचं कापड काढून दुसरं घातलं. सकाळी तिने हातात नवा मास्क ठेवला. बरोबर ओठांसमोर एक काज. शर्टाच्या बटणाला असतं तसं, दोऱ्याने कडा बांधलेलं, व्यवस्थित. "अहो, वाजवू नका हवं तर," ती म्हणाली. "पण तोंडात तरी असू द्या. त्याशिवाय तुम्ही उभे राहिलात की कुणाच्या तरी लग्नाला आल्यासारखे दिसता."

शनिवार. पालक समिती मास्क लावून लांब लांब खुर्च्यांवर. मध्ये मॅडम. एका टोकाला गणिताचे सर, बगलेत खडूंचा डबा, म्हणजे निकाल लागला की थेट तासाला जाता यावं. टीव्हीवर सगळे चौकोन भरलेले, सगळी पोरं युनिफॉर्ममध्ये. मी लाल चिंधी उचलली.

आणि करंट गेला.

टीव्ही काळा. त्या काळ्या काचेत मागच्या खुर्च्या आणि माझा मास्कवाला चेहरा, एवढंच दिसत होतं. शाळेचा इन्व्हर्टर फक्त मॅडमच्या केबिनचा पंखा चालवतो. वायफाय मेलं. कॉम्प्युटर टीचर मोबाइल काढून धावल्या, पण नेटवर्कचं चाक नुसतं गरगरत राहिलं.

"काय झालं?" समितीतल्या एका पालकाने विचारलं.

"स्वल्प थांबा," मॅडम म्हणाल्या. सगळे थांबले. करंट मात्र येईना. मग मॅडमनी घड्याळ पाहिलं, गणिताच्या सरांकडे पाहिलं, आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की तिच्यात दया होती. रागावल्या असत्या तर चाललं असतं.

"मास्टर," त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही प्रयत्न केलात."

गणिताचे सर उठले. डब्यात खडू खुळखुळले. तो आवाज मी जन्मात विसरणार नाही. माझा तास उठून चालला होता.

मी काही ठरवलं नाही हो. लॅपटॉप बंद होता, म्हणजे लॅपटॉपसमोरची बंदीही बंद होती, हा युक्तिवाद मला नंतर सुचला. तेव्हा फक्त छाती भरली. दोन वर्षांचं गेट, ती बंदूक, तो फालतूपणाचा शिक्का, सगळं आत घेतलं, आणि काजातून बाहेर सोडलं.

झाडावरच्या घारी उडाल्या. बेकरीवाला, मला नंतर कळलं, बन हातात घेऊनच सावधान झाला. समितीतल्या एका गृहस्थांचा मास्क कानावरून सुटला, वाऱ्याने असेल. आणि ती शिट्टी तिन्ही बाजूंच्या अपार्टमेंटांवर आपटून परत माझ्याकडे आली, जुन्या मित्रासारखी.

मग समोर एका मजल्यावरचं सरकतं दार वाजलं.

बाल्कनीत एक पोरगा आला. वर युनिफॉर्मचा शर्ट, टाय, खाली फुलाफुलांची चड्डी. लॅपटॉपला कमरेच्या खालचं दिसत नाही, पण बाल्कनीच्या गजांतून सगळं दिसतं. त्याने मैदानाकडे पाहिलं, मला पाहिलं, आणि आधी गाल फुगवले. मग सावधान उभा राहिला. मग त्याच्या वरच्या मजल्यावरचं दार. मग उजवीकडच्या इमारतीतलं. टाय आणि पायजमा, टाय आणि लुंगी, टाय आणि टॉवेल. ज्यांना मी चौकोनात बघत होतो ती सगळी माझ्या मैदानाभोवती तीन बाजूंनी उभी होती, आणि सगळ्यांचे गाल फुगलेले.

"अय्यो," मॅडम एवढंच म्हणाल्या.

मी पुन्हा फुंकली. मैदानावरच्यांचे हात वर. बाल्कनीतल्यांनी खाली त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांचेही वर. लॅग नाही, काही नाही! फुंकली, खाली. फुंकली, वाकले. वाळत घातलेल्या साड्यांमधून हात येत होते, तुळशीच्या कुंड्यांमागून डोकी खाली जात होती. समोरच्या बाल्कनीत ती आजी आणि तिचे यजमान शेजारी शेजारी उभे राहून आपला तोच व्यायाम मनापासून करत होते. सुटतानाचा आवाज इतक्या लांबून आला नाही, हे त्या दिवशीचं दुसरं भाग्य.

शेवटची शिट्टी द्यायला श्वास घेतला, तोच कॉम्प्युटर टीचर धावत आल्या. मोबाइल माझ्या तोंडासमोर धरलेला. नेटवर्कने एकच चौकोन उघडला होता. त्यात बोम्मसंद्र्याची पोरगी.

"सार," ती म्हणाली, आवाज तुटत तुटत, "सगळे गेले का? मला काहीच ऐकू नाही आलं. मी कुठून करू?"

तिथपर्यंत माझी शिट्टी पोचत नाही. हे मी लिहून देतो, कारण माझ्या तोंडून असं वाक्य पुन्हा निघणार नाही.

मी शिट्टी तोंडातून काढली. मैदानाकडे वळून ओरडलो, "हात वर! आणि मी सांगेपर्यंत कुणी खाली आणायचे नाहीत!" मैदानावरचे हात वर राहिले, बाल्कन्यांतलेही. मग टीचरना मोबाइल उंच धरायला सांगितलं, म्हणजे तिला सगळं मैदान दिसावं, आणि तिला म्हटलं, "बाळ, पहिल्यापासून कर. आम्ही थांबलोय."

तिने केलं. चाक गरगरलं, थांबलं, पुन्हा गरगरलं. ती मध्येच गोठायची, मग एकदम खाली वाकलेली दिसायची. पोरांचे दंड थरथरायला लागले. "सार, हात गळून पडतोय," एकजण म्हणाला. "पडला तर उचलून ठेव," मी म्हणालो. त्या टाय-टॉवेलवाल्या पोराचा टॉवेल निसटायला लागला, तर त्याने एक हात खाली घेतला, तेवढी मी सूट दिली. मग समितीतल्या कुणीतरी मोठ्याने मोजायला सुरुवात केली, मग पोरांनी, मग बाल्कन्यांनी. शेवटी त्या छोट्या चौकोनात दोन हात वर आले, सगळ्यांच्या बरोबर, आणि मी शिट्टी दिली. सगळे हात एकदम खाली. तिचे थोडे नंतर.

गणिताचे सर अजून उभेच होते. मॅडम त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "सर, तुम्ही उभे आहातच, तर सोमवारपासून गेटवर स्वल्प मदत कराल का? मास्टरना आता तास आहे."

मी धावत जाऊन बंदूक आणली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी सवयीने माझ्या कपाळावर धरली, आकडा वाचला आणि म्हणाले, "नॉर्मल. आश्चर्य आहे."

सोमवारी सकाळी मैदानावर शिट्टी दिली, आणि पहिला तास संपायच्या आत अपार्टमेंटचा सेक्रेटरी गेटवर हजर. गणिताच्या सरांनी ताप मोजून त्याला आत सोडला. मान खाली घालून, हात मागे बांधून मी उभा राहिलो.

"मास्टर," तो म्हणाला, "शिट्टी फार मोठी वाजते. सगळ्यांचा वर्क कॉल असतो. स्वल्प हळू फुंका ना."

"परत एकदा सांगा," मी म्हणालो.

"ऐकू नाही आलं का?"

"आलं हो. पण किती दिवसांनी आलं!"